माघारी आलेल्यांच्या घरी

लढाई संपली की गोष्ट संपते, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. गड सर झाला, तोफांची सरबत्ती झाली, हत्तीवरून साखर वाटली की धडा संपायचा आणि खाली स्वाध्याय सुरू व्हायचा. तो गड घेणारा माणूस पुढे आपल्या गावी गेला असेल, भाकरी खाता खाता मध्येच थांबला असेल, रात्री दचकून उठला असेल आणि त्याच्या पोरानं घोंगडीतून डोळे किलकिले करून ते पाहिलं असेल, ही शक्यता कुठल्या धड्यात नव्हती. गाळलेल्या जागा भरताना ही जागा कधी आलीच नाही.

अमेरिकेत ‘यंग अ‍ॅडल्ट’ म्हणून जो वाचक धरला जातो, म्हणजे तेरा-चौदापासून अठरापर्यंतची मुलंमुली, त्यांच्यासाठीच्या कादंबऱ्यांत एक कप्पा असा आहे की गोष्ट त्या घोंगडीपासूनच सुरू होते. सैनिक घरी आला आहे. स्वागताच्या पताका उतरवून झाल्या आहेत. आता त्याच्यासोबत एका छपराखाली राहायचं आहे. ते वय मागे टाकून मला बराच काळ लोटला, तरी या कादंबऱ्या मी शोधून वाचते. मोठ्यांसाठी लिहिलेल्या युद्धकादंबऱ्यांत बहुधा सैनिक स्वतः बोलतो. इथे पुष्कळदा घरी राहिलेलं पोर बोलतं, आणि त्याला फारसं काही माहीत नसतं. ते माहीत नसणं हाच या पुस्तकांचा खरा विषय आहे, असं मला हळूहळू वाटायला लागलं.

लॉरी हॉल्स अँडरसन यांची ‘द इम्पॉसिबल नाइफ ऑफ मेमरी’ २०१४ साली आली. हेली किनकेन सतरा वर्षांची. तिचा बाप अँडी इराक आणि अफगाणिस्तानातून आलेला. आल्यावर तो ट्रक चालवायला लागला आणि पाच वर्षं लेकीला शेजारच्या सीटवर बसवून देशभर फिरला. तिची शाळा त्या केबिनमध्येच. आता शेवटचं वर्ष तरी चार मुलांसारखं शाळेत जावं म्हणून दोघं न्यूयॉर्क राज्यातल्या त्याच्या आईच्या जुन्या घरात राहायला आली आहेत. पण वर्गात बसलेली हेली मनानं घरीच असते. बाबा आज कामावर गेले असतील का, प्यायले असतील का, संध्याकाळी कुठल्या तारेत असतील? पहारा देण्याचं काम बापानं फौजेत केलं, आता ते लेकीकडे आलं आहे, आणि तिला बदली नाही. अँडरसन यांनी एक युक्ती केली आहे. अधूनमधून बापाच्या डोक्यातली, रणांगणावरची छोटी छोटी प्रकरणं येतात. ती वाचकाला दिसतात, हेलीला दिसत नाहीत. एकाच घरातली दोन माणसं एकाच पुस्तकात असून एकमेकांची पानं वाचू शकत नाहीत. अँडरसन यांचे स्वतःचे वडील दुसऱ्या महायुद्धात होते आणि डाखाऊची छळछावणी त्यांनी पाहिली होती, हे नंतर कळलं तेव्हा ही रचना नुसती कारागिरी वाटेनाशी झाली.

डेना राइनहार्ट यांच्या ‘द थिंग्ज अ ब्रदर नोज’ (२०१०) मधला लीवायही सतराचाच. त्याचा मोठा भाऊ बोअझ शाळेत सगळ्यांत पुढे असणारा, कुठल्याही चांगल्या कॉलेजात गेला असता. तो मरीन्समध्ये गेला. परत आल्यावर तो खोलीबाहेर पडत नाही आणि मोटारीत बसत नाही. घरचे लोक आजार म्हणत नाहीत, थकवा म्हणत नाहीत, कशालाच काही म्हणत नाहीत. एक दिवस तो अ‍ॅपलेशियन ट्रेलवर पायी भटकायला जातो असं सांगून निघतो. ते खरं नाही, हे एकट्या लीवायच्या लक्षात येतं आणि तो भावाच्या मागे जातो. बोस्टनच्या बाजूकडून वॉशिंग्टनपर्यंत दोघं भाऊ रस्त्याच्या कडेनं चालतात. गप्पा जवळजवळ नाहीत. पायांना फोड येतात, कुठेतरी मुक्काम होतो, पुन्हा चालणं. भावाला काय झालंय हे विचारून कळणार नाही, तर निदान त्याच्या वेगानं चालून पाहावं, एवढीच लीवायची अक्कल, आणि ती सगळ्या मोठ्यांपेक्षा जास्त ठरते.

ही मांडणी नवी नाही. ‘ओडिसी’च्या चोवीस सर्गांपैकी पहिले चार ओडिसियसचे नाहीतच. ते टेलेमॅकसचे आहेत. बाप ट्रॉयच्या युद्धावर गेला तेव्हा तान्हा असलेला, आता विशीतला हा मुलगा, बापाबरोबर लढलेल्यांच्या घरी जाऊन विचारतो, माझा बाप कसा होता? नायक पाचव्या सर्गात पडद्यावर येतो. जोनाथन शे या मानसोपचारतज्ज्ञाला व्हिएतनामहून आलेल्यांवर उपचार करताना होमर आठवला आणि त्यानं ‘ओडिसियस इन अमेरिका’ (२००२) हे पुस्तक लिहिलं. टेलेमॅकसला मात्र अशी स्वतंत्र जागा मिळाली ती कुमारांच्या कादंबऱ्यांत.

असं का झालं असावं? मला वाटतं, वयामुळे. अमेरिकन कुमारकादंबरीचं आजचं रूप धरलं जातं ते १९६७ पासून, एस. ई. हिंटन या कोवळ्या मुलीची ‘द आउटसायडर्स’ आली तेव्हापासून. व्हिएतनामचं युद्ध तेव्हा ऐन भरात होतं. लढायला अठरा वर्षं पुरतात तर मत द्यायला का पुरू नयेत, हा प्रश्न त्याच युद्धानं टोकदार केला आणि १९७१ साली घटनादुरुस्ती होऊन तिथलं मतदानाचं वय एकविसावरून अठरावर आलं. आज आईबापांची सही असेल तर तिथे सतराव्या वर्षी फौजेत भरती होता येतं. २००२ साली अमलात आलेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या शिक्षण कायद्यात तर अशी तरतूद होती की केंद्राचा पैसा घेणाऱ्या माध्यमिक शाळांनी विद्यार्थ्यांची नावं, पत्ते आणि फोन नंबर भरती अधिकाऱ्यांना मागितल्यावर द्यावेत. पालकांनी नकार कळवला तरच सुटका. म्हणजे ज्या शाळेच्या ग्रंथालयात ही कादंबरी ठेवलेली, त्याच शाळेच्या यादीवर भरतीवाल्यांचीही नजर. हेलीची गोष्ट वाचणारी मुलगी नुसती वाचक नसते, ती पात्रही असते.

वॉल्टर डीन मायर्स यांना हे आतून माहीत होतं. हार्लेममध्ये वाढलेले मायर्स स्वतः सतराव्या वर्षी सैन्यात गेले. पुढे त्यांचा धाकटा भाऊही त्यांच्या पावलावर पाऊल टाकून गेला आणि १९६८ साली व्हिएतनाममध्ये मारला गेला. १९८८ ची ‘फॉलन एंजल्स’ त्यांनी या भावाला अर्पण केली आहे. तिच्यातला रिची पेरी कॉलेजची फी परवडत नाही म्हणून फौजेत गेलेला. त्याचा गुडघा अधू आहे, त्याला आघाडीवर पाठवू नये असा कागद यायचा असतो; तो वेळेवर येत नाही. घरी धाकट्या भावाला पत्र लिहायला बसला की त्याचं पेन अडतं. शेवटी तो घरी निघतो त्या विमानात शवपेट्याही असतात. कादंबरी तिथेच थांबते. घरात तो कसा वागला, काय बोलला, ते नाही.

वीस वर्षांनी, २००८ मध्ये, मायर्सनी ‘सनराइज ओव्हर फलुजा’ लिहिली. यातला रॉबिन, ज्याला सगळे बर्डी म्हणतात, तो रिचीचा पुतण्या. बापाची इच्छा डावलून तो इराकला गेला आहे आणि तिथून रिचीकाकाला पत्रं लिहितो. आपण व्हिएतनामबद्दल विचारायचो तेव्हा काका टाळाटाळ का करायचे, हे त्याला इराकमध्ये कळतं. मला या दोन पुस्तकांच्या मधली, न लिहिलेली वर्षं सर्वांत भयंकर वाटतात. काका काही बोलला नाही. त्यानं पुतण्याला वाचवायच्याच हेतूनं बोलणं टाळलं असेल. आणि पुतण्या त्याच वाटेनं गेला. घरात जी जागा रिकामी राहते ती कुणीतरी भरतोच. भरतीच्या पत्रकाला त्यासाठी फार बोलावंही लागत नाही.

बॉबी अ‍ॅन मेसन यांची ‘इन कंट्री’ (१९८५) कुमारांची म्हणून छापलेली नाही, पण तिची सॅम ह्यूजेस या साऱ्यांची थोरली बहीण शोभते. साल १९८४, केंटकीतलं एक लहान गाव. बाप ती जन्मायच्या आधीच व्हिएतनाममध्ये मारला गेलेला. ती एमेटमामाकडे राहते. मामा त्याच युद्धातून परत आलेला. नोकरी करत नाही, टीव्ही पाहतो, पक्षी निरखतो, एक पांढरा बगळा दिसावा म्हणून झुरतो. युद्धाबद्दल विचारलं की विषय बदलतो. युद्धानं मनावर होणाऱ्या या आघाताला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात जागा मिळाली ती १९८० मध्ये. एमेटच्या गावापर्यंत ते नाव अजून नीट पोचलेलं नाही. बापाची डायरी सॅमच्या हाती लागते आणि वाचून तिला शिसारी येते. मग ती एक विलक्षण गोष्ट करते. खाण्यापिण्याचं सामान घेऊन एकटीच एका दलदलीच्या काठी रात्र काढायला जाते. जंगलात रात्री कसं वाटत असेल ते तिला पाहायचं आहे. सकाळी पावलं वाजतात. तिला वाटतं, कुणी अंगावर चालून येतोय. ती खाद्यपदार्थाच्या डब्याचा धारदार पत्रा हातात धरून सज्ज होते. येतो तो एमेट. रात्रभर तिच्या काळजीनं वेडा झालेला. आणि इतकी वर्षं न बोललेला हा माणूस तिथे, दलदलीच्या काठावर, ढसाढसा रडत बोलायला लागतो.

तिघांची ही तीन उत्तरं. हेली राखण करते, लीवाय पाठलाग करतो, सॅम खोटं खोटं युद्ध खेळून पाहते. बर्डी ते खरंच करतो. घरात जे युद्ध सांगितलं जात नाही ते मुलं आपल्या आयुष्यानं पुरं करू पाहतात. या कादंबऱ्या वाचून मला जे मिळालं ते एवढंच आहे, पण ते थोडं नाही.

सॅमची गोष्ट वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाशी येऊन थांबते. १९८२ मध्ये उभं राहिलेलं ते स्मारक माया लिन या मुलीनं रेखलं. आराखडा निवडला गेला तेव्हा ती एकवीस वर्षांची होती, अजून विद्यार्थिनीच. काळ्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर ५८ हजारांहून जास्त नावं, हुद्दा न लावता, मृत्यूच्या क्रमानं. दगड असा घोटलेला की नावं वाचणाऱ्याला त्यात स्वतःचा चेहरा दिसतो. तिथे सॅमला बापाचं नाव सापडतं, आणि मग आपल्याच नावाचा एक कुणी सैनिकही. मेलेल्यांची भिंत पिढीतल्या सगळ्यांत लहान माणसांनी रेखावी आणि तिच्यात आपलं नाव शोधावं, यात मला अपघात वाटत नाही.

पण भिंत मेलेल्यांची. परत आलेल्यांची भिंत कुठेच नसते. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले, त्याचा स्मारकलेख गावात आहे. जे आले त्यांची नोंद नाही. त्यांना तर बायकापोरं होती, जमिनीचे वाद होते, म्हातारपण होतं.

आमच्या आळीतही असे एक काका होते, दोन लढाया पाहून आलेले. पोरं त्यांच्या ओट्यावर जमायची आणि हटकून विचारायची, काका, किती मारले? काका बर्फाचं सांगायचे. बुखारीत कोळसा कसा घालायचा, ओले मोजे कुठे वाळवायचे, तिखटाशिवाय भाजी कशी गळ्याखाली उतरत नाही, एका मद्राशाने त्यांना इडलीची चटक कशी लावली. ऐकता ऐकता आम्ही मूळ प्रश्न विसरायचो. त्यांचा मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा असायचा. तो कधी काही विचारायचा नाही, पण गोष्ट एका ठरावीक वळणाला आली की म्हणायचा, “चला, आता अप्पांना झोपायचंय.” तेव्हा तो आम्हाला आखडू वाटायचा. त्याला ते वळण ठाऊक होतं, हे मला हेलीनं सांगितलं.

या कादंबऱ्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. पुष्कळदा त्यांत एकच एक गुपित ठेवलेलं असतं. त्या दिवशी नाक्यावर काय झालं, कोण मेलं, कुणाच्या गोळीनं, ते शेवटच्या चाळीस पानांत उघड होतं आणि माणूस मोकळा होतो. खऱ्या घरांत असं एक कुलूप आणि एक किल्ली नसते. प्रेमाचाही उपचार फार सहज होतो. वर्गातला एक गमत्या मुलगा भेटला की अर्धी जखम भरून येते. अँडरसन यांची कादंबरीही या मोहातून पुरती सुटलेली नाही, फक्त बापाचं दुखणं ती प्रेमकथेवर टाकत नाही, एवढं तिचं भान जागं आहे.

मोठी उणीव मात्र दुसरीच आहे. परत येणारा सैनिक जिथून परत येतो, तिथेही घरं आहेत. मे २००३ मध्ये इराकचं सैन्य अमेरिकी प्रशासनाच्या एका हुकुमानं बरखास्त झालं. लाखो माणसं हातात काम नसताना घरी गेली. बगदादमध्ये, मोसुलमध्ये त्या संध्याकाळी कुठल्या तरी सतरा वर्षांच्या मुलीनं बापाला दार उघडलं असेल. तिची कादंबरी या कप्प्यात मला भेटलेली नाही. अफगाणिस्तानात सैनिक म्हणून राहून आलेल्या ट्रेंट रीडी यांनी ‘वर्ड्स इन द डस्ट’ (२०११) मध्ये एका अफगाण मुलीची बाजू घेऊन लिहून पाहिलं. ती धडपड प्रामाणिक आहे, तरी लेखणी पाहुण्याचीच. इराक हे नाव तसं मराठी घरांनाही परकं नाही. १९१५-१६ मध्ये कुतच्या वेढ्यात पुणे डिव्हिजनबरोबर ११० वी मराठा पलटण अडकली होती. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, पुढे कैद, उपासमार, वाळवंटातली पायपीट. त्यातून जे जगले ते एक दिवस आपापल्या गावच्या शिवेवर येऊन उभे राहिले असतील. त्यांनी काय सांगितलं? बर्फाऐवजी वाळूचं सांगितलं असेल.

मग सांगावं किती? आणि कुठल्या वयाला? सुझन कॉलिन्स सहा वर्षांच्या असताना त्यांचे वडील व्हिएतनामला गेले होते. ‘हंगर गेम्स’मुळे जगाला माहीत झालेल्या या लेखिकेनं २०१३ मध्ये त्या वर्षावर ‘इयर ऑफ द जंगल’ नावाचं लहान मुलांचं चित्रपुस्तक केलं. सुरुवातीला मुलीच्या मनातलं जंगल चित्रातल्यासारखं हसरं असतं. पत्रं उशिरा यायला लागतात तसतसं ते काळं होत जातं. बाबा परत येतात, पण वेगळे दिसतात, मध्येच कुठेतरी टक लावून बसतात. पुस्तक यापेक्षा जास्त काही समजावत नाही, आणि बाबा आता पहिल्यासारखे झाले असं खोटंही सांगत नाही. सहा वर्षांच्या मुलाला इतकं पेलतं. सतरा वर्षांच्या मुलाला याहून पुष्कळ जास्त पेलतं, आणि त्याला ते दिलं नाही तर ते घ्यायला निघतं.

आपल्याकडे हे सर्वांत आधी ज्यानं विचारलं तो जनमेजय. अर्जुनाचा मुलगा अभिमन्यू कोवळ्या वयात चक्रव्यूहात गेला. त्याचा मुलगा परीक्षित युद्धानंतर जन्मला, जिंकून आलेल्या पण थिजलेल्या आजोबांच्या घरात वाढला. त्याचा मुलगा जनमेजय. सर्पसत्र चालू आहे, बापाच्या मृत्यूचा सूड म्हणून सापांच्या आहुती पडताहेत, आणि तिथे हा तरुण राजा व्यासांना विचारतो की आमच्या पूर्वजांमध्ये हे वैर कसं पेटलं ते मला सांगा. व्यासांच्या आज्ञेवरून वैशंपायन सांगायला लागतात. अख्खं महाभारत असं पणतूच्या प्रश्नाचं उत्तर आहे. चौथ्या पिढीपर्यंत थांबावं लागलं, तोवर एका नव्या संहाराची वेदी पेटलेली होती. उशीर झाला की असं होतं. तरी प्रश्न आला, उत्तर मिळालं, आणि आस्तिकाच्या शब्दावरून सत्रही अखेर थांबलं.

म्हणूनच मला मराठीत एक कुमारकादंबरी हवी आहे, आणि तिचं साहित्य आपल्या दाराशी पडलेलं आहे. आपला जवान पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर येतो. वर्षातून एकदा सुट्टीवर येणारा, खाऊ आणि कँटीनचं सामान आणणारा पाहुणा एक दिवस काळी ट्रंक घेऊन कायमचा येतो. तिच्यावर पांढऱ्या रंगानं त्याचं नाव आणि नंबर असतो. त्या दिवशी त्याची मुलगी नेमकी बारा, चौदा, सोळा वर्षांची असते. तिनं घर आईबरोबर चालवलेलं असतं. बापाला मोटरचं बटण कुठे आहे तेही तिनंच दाखवायचं असतं. तो पहाटे चारला उठून अंगण झाडतो आणि काही महिन्यांनी शहरातल्या एखाद्या सोसायटीच्या गेटवर निळ्या गणवेशात उभा राहतो. अशी घरं सातारा, सांगली, कोल्हापूरच्या पट्ट्यात गावोगाव आहेत. त्यांच्यावर पोवाडे नकोत, आणि अमेरिकेतल्या दुखण्याची नक्कलही नको. त्या मुलीनं बोलावं, तिला न कळणाऱ्या गोष्टींसकट. ती बोलेल तेव्हा गावातलं भरतीच्या मैदानावर पहाटे पळणारं पोरही ते वाचेल. त्यानं भरती व्हावं की नाही हे पुस्तक त्याला सांगणार नाही. पण निवड करताना त्याच्यापुढे गड सर झाल्याचा धडा असेल, आणि त्याच्या पुढचा, आजवर न छापलेला धडाही असेल.